मदत हवी आहे: बँकॉकला डेटा एन्ट्रीची नोकरी, मंगळवारी विमान. खरी की खोटी कशी ओळखायची?

अनघा_कराड
नमस्कार मंडळी. पुतण्याला (वय २३, बी.कॉम., इंग्रजी टायपिंग ४०) बँकॉकमधल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय. काम डेटा एन्ट्रीचं, पगार महिना ९०० डॉलर, राहणं-जेवण कंपनीचं. मुलाखत टेलिग्रामवर वीस मिनिटांत उरकली: टायपिंगची परीक्षा आणि थोडं इंग्रजी बोलणं. तिकीट कंपनी काढणार. इथला एजंट 'फाइल चार्ज' म्हणून ४५,००० मागतोय. व्हिसाचं विचारलं तर म्हणतो, "तिकडे गेल्यावर कंपनी करून देते, विमानतळावर फक्त फिरायला चाललोय म्हणायचं." घरात सगळे खूश आहेत, मलाच खटकतंय. नक्की काय आणि कुठे तपासू?

सागरगोटा
ताई, तपासणी करालच, पण त्याआधी दोन गोष्टी आजच अडवा: पैसे आणि मूळ पासपोर्ट. दोन्हीपैकी काहीही एजंटच्या हाती जाऊ देऊ नका.

बाकी सगळं सोडलं तरी 'फिरायला चाललोय म्हणायचं' एवढ्यावरच ही नोकरी बाद होते. भारतीयांना पर्यटनासाठी थायलंडला आधी व्हिसा न काढता जाता येतं, त्या सवलतीचा हा गैरवापर आहे. पर्यटक म्हणून उतरलेल्या माणसाला तिथे काम करता येत नाही. खऱ्या नोकरीत क्रम असा असतो: आधी कंपनी थाई कामगार खात्याकडून मंजुरी घेते आणि तो कागद उमेदवाराला पाठवते. त्यावर उमेदवार भारतात बसूनच थाई सरकारच्या ई-व्हिसा साइटवर 'नॉन-इमिग्रंट बी' (नोकरीसाठीचा) व्हिसा काढतो. तिथे पोचल्यावर वर्क परमिट, मग कामाचा पहिला दिवस. म्हणजे घर सोडताना व्हिसा हातात हवा.

हे साधं पैसे उकळण्याचं प्रकरण असतं तर बरं म्हणावं, असा हा साचा आहे. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्येच थायलंडच्या खोट्या नोकऱ्यांबद्दल जाहीर सूचना काढली होती. बँकॉकला उतरवून घेतात, तिथून गाडीने सुमारे ५०० किलोमीटरवर मे सोत या सीमेवरच्या गावी नेतात. मोएई नदी ओलांडली की म्यानमारमधलं म्यावाडी. तिथे कुंपणाआड कोंडून ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावतात. टायपिंग आणि इंग्रजी तेवढ्यासाठीच तपासतात, कारण एकेका मुलाला दिवसभर खोट्या नावांनी अनेक लोकांशी चॅट करायचं असतं. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना वायुदलाच्या दोन विमानांनी मे सोतहून परत आणलं.

रा_वि_देशमुख
एजंट कसा तपासायचा ते लिहितो. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना लागतो. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर रिक्रूटिंग एजंटांची यादी आहे. चालू परवाने, मुदत संपलेले आणि निलंबित किंवा रद्द झालेले, सगळे वेगवेगळे दिसतात. बेकायदा एजंटांची राज्यवार यादीही तिथेच आहे. मात्र त्या यादीत नाव नाही म्हणजे एजंट चांगला, असं समजू नका. चालू परवान्यांच्या यादीत नाव असेल तरच पुढे बोला.

इथे लोक हमखास एक चूक करतात. एजंटने दिलेला परवाना क्रमांक साइटवर टाकतात, नाव जुळलं की निर्धास्त होतात. दुसऱ्याच्या परवान्याचा फोटो दाखवणारे पैशाला पासरी आहेत. म्हणून साइटवर जो पत्ता आणि फोन आहे त्यावर स्वतः फोन लावा आणि विचारा: तुमच्याकडे या थाई कंपनीची मागणी आली आहे का, आणि अमुक माणूस तुमच्याकडे कामाला आहे का? एजंटच्या व्हिजिटिंग कार्डावरच्या नंबरवर फोन करून काहीच सिद्ध होत नाही. खऱ्या परवानाधारकाकडे परदेशी कंपनीचं डिमांड लेटर (माणसं हवीत असं पत्र) आणि त्याच्या नावाचं मुखत्यारपत्र (कंपनीतर्फे भरती करण्याचा अधिकार) असतं. ते दाखवायला त्याला जड जाऊ नये.

पैशांचं: एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००, तेही पावती देऊन. ४५,००० आणि तेही 'फाइल चार्ज' या नावाखाली, म्हणजे आकडा आणि शब्द दोन्ही चुकले.

विन्या_मिरज
पण मुलगा पदवीधर आहे ना? त्याचा पासपोर्ट ईसीएनआर (एमिग्रेशन चेक नॉट रिक्वायर्ड) असणार. अशांना नोकरीसाठी परदेशी जाताना सरकारची परवानगी, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स, लागत नाही, मग एजंटलाही परवान्याची गरज नाही असं ऐकलंय.

रा_वि_देशमुख
विन्याभाऊ, अर्धं बरोबर. दहावी पास झालेल्याला ईसीएनआर पासपोर्ट मिळतो, त्याला क्लिअरन्स लागत नाही. पण ती सूट उमेदवाराची आहे, एजंटची नव्हे. भरती करणाऱ्याला परवाना लागतोच, उमेदवार दहावी नापास असो की इंजिनिअर. 'ईसीएनआरला परवाना लागत नाही' ही एजंटांचीच पसरवलेली थाप आहे.

उलट शिकलेली मुलं याच फटीतून निसटतात. थायलंड ईसीआर देशांच्या, म्हणजे जिथे नोकरीला जाताना दहावी न झालेल्यांना क्लिअरन्स लागतो अशा देशांच्या यादीत आहे. त्यामुळे दहावी न झालेला मुलगा नोकरीसाठी निघाला तर त्याचे कागद प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या क्लिअरन्स देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या कार्यालयातून जातात (मुंबईचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवनात आहे). शिवाय २७५ रुपयांपासूनच्या हप्त्यात १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा उतरवावा लागतो. बी.कॉम. मुलगा तिकीट घेतो आणि थेट विमानात बसतो. त्याच्या नोकरीचे कागद तपासणारं टेबलच वाटेत नाही.

मुक्ता_वाचतेय
ऑफर लेटरवर या गोष्टी बघा. कंपनीचा १३ अंकी थाई नोंदणी क्रमांक आहे का? असेल तर थाई वाणिज्य खात्याच्या नोंदणी साइटवर तो टाकून बघता येतो. कंपनीचं नाव, पत्ता आणि व्यवसाय जुळला पाहिजे. फर्निचर विकणाऱ्या कंपनीचा क्रमांक डेटा एन्ट्रीच्या पत्रावर चिकटवलेला असू शकतो. पगार डॉलरमध्ये का? थाई कंपनी बाथमध्ये (तिथल्या चलनात) पगार देते. कामाचं ठिकाण 'बँकॉक व परिसर' असं मोघम लिहिलंय का? वर्क परमिट कोण काढणार आणि खर्च कोणाचा, याची ओळ आहे का? मुदतीआधी काम सोडल्यास दंडाची रक्कम लिहिली आहे का? तो दंडच पुढे खंडणी होतो.

आणि सगळ्यात मोठं: कारकुनी आणि सेक्रेटरीचं काम थायलंडने परदेशी लोकांना मनाई केलेल्या कामांच्या यादीत टाकलंय. डेटा एन्ट्री म्हणजे दुसरं काय? ज्या कामाला परमिटच निघणार नाही त्यासाठी कराडहून माणूस कशाला नेतील?

अनघा_कराड
सगळ्यांचे आभार. पत्रात १३ अंकी क्रमांक नाही, दंड मात्र आहे: ३,००० डॉलर. आता कळलं की पोराने गेल्या आठवड्यात ८,००० यूपीआयने दिलेत. पासपोर्ट आणि आधारचे फोटो आणि 'व्हेरिफिकेशन'चा सेल्फी व्हिडिओही पाठवलाय. मूळ पासपोर्ट घरीच आहे. शिवाय त्याचा मित्र याच एजंटकडून शनिवारीच बँकॉकला पोचलाय. फोन लागतोय.

सागरगोटा
मित्राचं आधी. फोन लागतोय तोवर तो मोकळा आहे. त्याला आत्ता सांगा: विमानतळ किंवा हॉटेल सोडून कोणाच्याही गाडीत बसू नकोस, पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नकोस, लाइव्ह लोकेशन घरच्यांना चालू ठेव. गाडीत बसलाच असेल तर रस्त्यावरच्या पाट्या वाचायला सांगा. ताक (मे सोतचा प्रांत) किंवा मे सोत दिसलं की पेट्रोल पंपावर, चहाला थांबतील तिथे उतरून माणसांच्या गर्दीत जायचं. थाई पोलीस १९१, पर्यटक पोलीस ११५५ (इथे इंग्रजी चालतं). त्याच वेळी बँकॉकच्या भारतीय दूतावासाला फोन, नंबर दूतावासाच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. भारतातून घरच्यांनी प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या १८०० ११ ३०९० वर फोन करावा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवावी. नदी ओलांडली तर तो म्यानमारमध्ये बेकायदा शिरलेला ठरतो, मग सुटका झाली तरी परत यायला फार वेळ लागतो.

मुक्ता_वाचतेय
आता ८,००० चं. एजंटशी भांडण्याआधी पुरावे काढा, हा क्रम अजिबात चुकवू नका. टेलिग्रामवर समोरचा माणूस आख्खं चॅट दोघांच्याही फोनमधून पुसू शकतो. 'आम्हाला पोलिसात जायचंय' असं लिहिलंत की दोन मिनिटांत चॅट कोरं. म्हणून आधी प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट, त्याचं युजरनेम आणि प्रोफाइल, ऑफर लेटरची मूळ फाइल. सीक्रेट चॅट असेल तर अँड्रॉइड फोनवर स्क्रीनशॉट निघत नाही, तेव्हा दुसऱ्या मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढा.

मग सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला फोन. हाताशी हवं: पैसे गेलेल्या व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक (यूपीआय अॅपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात दिसतो), तारीख-वेळ, समोरचा यूपीआय आयडी आणि बँकेचं नाव. आठवडा झालाय, त्यामुळे पैसे खात्यात गोठवले जाण्याची शक्यता कमी. पण तक्रार कराच, तोच यूपीआय आयडी इतर तक्रारींत असतो आणि त्यावरून साखळी सापडते. सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवून पोचक्रमांक घ्या. तो घेऊन पोलीस ठाण्यात.

कागदपत्रांसाठी: आधारच्या साइटवर बायोमेट्रिक लॉक करा, संचार साथी या सरकारी साइटवर त्याच्या नावावर किती सिम आहेत ते बघा, महिन्याभराने क्रेडिट रिपोर्ट काढून नको ते कर्ज दिसतंय का तपासा. पासपोर्टच्या नुसत्या फोटोसाठी नवा पासपोर्ट काढायची गरज नाही.

अनघा_कराड
मित्राशी बोलणं झालं. हॉटेलात आहे, उद्या सकाळी सातला 'ऑफिस दाखवायला' गाडी येणार होती. दूतावासाचा नंबर दिलाय, त्याचे वडील सहायता केंद्राला फोन लावतायत. पुतण्या स्क्रीनशॉट काढतोय, १४० झालेत.

सागरगोटा
सातची वाट बघू नका. परतीचं तिकीट असेल तर तारीख बदला, नसेल तर नवं काढा, आणि आज रात्रीच हॉटेल बदलायला सांगा. खोली एजंटच्या बुकिंगवर आहे ना? मग रिसेप्शनवरून निघताना 'जेवायला जातोय' म्हणायचं, बॅग पाठीवर मावेल तेवढीच.

मुक्ता_वाचतेय
आणि त्या हॉटेलचं नाव, खोलीचा नंबर, सातला येणाऱ्या ड्रायव्हरचा नंबर आणि गाडीचा नंबर आला असेल तर तोही, सगळं दूतावासाला लिहून पाठवा. त्याच हॉटेलात अजून आपली पोरं असतील.