ग्रिन्यों: शातो वाचवायचा की सगळं शिवार?

वावरवाला:
पॅरिसच्या पश्चिमेला ग्रिन्यों म्हणून एक जुनी इस्टेट आहे, १७ व्या शतकातला विटा-दगडाचा शातो (फ्रेंच सरदारी वाडाच म्हणा), भोवती जंगल आणि शेतं. १८२६ पासून तिथे शेतकी शाळा होती, तीच आताची ॲग्रोपॅरिसटेक, आणि २०२२ ला ती साक्लेच्या नव्या कँपसला हलली. त्याआधीच सरकारने जागा विकायला काढलेली. २०२१ च्या मार्चमध्ये विद्यार्थ्यांनी गेट अडवून ठिय्या दिला, तरी उन्हाळ्यात आल्तारिया कोजेदिम या बिल्डरची निवड झाली, मग इतका आरडाओरडा झाला की वर्ष संपायच्या आत सरकारला तो व्यवहार सोडून द्यावा लागला. माझं मत सरळ आहे, वारसा म्हणून जपायचं तर शातो, जंगल, वावरं सगळं एकत्र जपा. तुकडे पाडून विकलं की संपलं.

रोखठोक:
आणि खर्च? फ्रान्समध्ये संरक्षित स्मारकं ४० हजारांच्या वर आहेत. दुरुस्तीला पैसे पुरेनात म्हणून २०१८ पासून वारशासाठी लॉटरी काढावी लागली त्यांना. रिकामा शातो सरकारकडे पडून राहिला तर छप्पर आधी जातं, मग बाकीचं. व्हो-ल-व्हिकोंतचा शातो १८७५ मध्ये लिलावात सोमिए नावाच्या साखरवाल्या उद्योगपतीने घेतला म्हणून उभा आहे, व्हिलांद्रीचा शातो १९०६ ला कार्व्हालोने घेतला म्हणून ती बाग आज दिसते. दोघंही खाजगी मालक!

वावरवाला:
अहो पण ते तिथे राहायला आले, आयुष्य घातलं त्यात. बिल्डर प्लॉट विकून पुढच्या साइटवर जातो. दोन्हीला एकच "खाजगी" म्हणून कसं चालेल?

शंखशिंपले:
जमिनीखालचं कुणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. ग्रिन्योंला समुद्री शंखांच्या जीवाश्मांचा थर आहे, साधारण साडेचार कोटी वर्षांपूर्वीचा, लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने इथल्या शंखांचा अभ्यास केलेला. असा थर एकदा पार्किंगखाली गेला की गेला.

मातीपरीक्षण:
+१. आणि ग्रिन्योंमधले देहेराँ या शेतीशास्त्रज्ञाचे प्लॉट! १८७५ पासून त्याच मातीत खताचे प्रयोग, म्हणजे दीडशे वर्षं एकाच वावराची नोंद. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात असा प्रयोग १८४३ पासून चालू आहे आणि जगभरचे लोक त्याचा डेटा वापरतात. माती बदलायला पिढ्या जातात, त्यामुळे अशी नोंद तुटली तर पैसे ओतून परत मिळत नाही. मी पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकलोय, शहराच्या मधोमध असलेल्या त्या शेतांकडे लोक रिकामा प्लॉट म्हणून बघतात तेव्हा फार वाईट वाटतं.

रोखठोक:
मातीपरीक्षण, पटलं, पण त्यासाठी पूर्ण इस्टेट गोठवायची काय गरज? त्यांच्याकडे १९१३ चा स्मारकांचा कायदा आहे, १९३० चा निसर्गदृश्यांचा आहे. शातोला एक लावा, परिसराला दुसरा, बाकी विका.

मातीपरीक्षण:
तिथेच तर गोम आहे. पहिला भिंती राखतो, दुसरा देखावा राखतो. या वावरात नांगर, खत, नोंद असंच चालू ठेवा असं दोन्हीपैकी एकही सांगत नाही. हिरवळ लावून बेंच टाकले तरी देखावा छानच दिसेल, प्रयोग मात्र मेला.

भटकी:
फुटबॉलचं विसरलात का, २०१६ च्या सुमाराला पीएसजी क्लबला ट्रेनिंग सेंटरसाठी हीच जागा हवी होती, विरोध झाला आणि क्लब प्वासीला गेला. म्हणजे दर काही वर्षांनी नवा गिऱ्हाईक येणार आणि लोकांनी दर वेळी रस्त्यावर उतरायचं? दमतात हो माणसं.

रोखठोक:
म्हणूनच मी म्हणतोय की कागद पक्का करा. २०१६ पासून फ्रान्समध्ये जमीनमालकाला पर्यावरणाच्या अटी जमिनीलाच बांधता येतात, ९९ वर्षांपर्यंत, मालक बदलला तरी अट राहते. अट घाला आणि चांगल्या मालकाला विका.

वावरवाला:
हे मात्र कामाचं बोललात. पण तो करार ऐच्छिक आहे, मालकाने स्वतः सही केली तरच. आज मालक सरकार आहे, तर सरकारने आधी सही करावी, देहेराँचे प्लॉट आणि जीवाश्मांची जागा नावानिशी लिहून. मग पुढे विकायचं की नाही ते बोलू. विकायला माझा विरोध तरीही राहीलच.

रोखठोक:
राहू द्या. सही आधी, हे मान्य. पण शातोच्या छपराचा खर्च कोण करणार याला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.