रोमन दिनारिअसवर गुडघा टेकलेला पुरुष : प्रत्येक वेळी लढाई जिंकलेलीच असते का?

प्रश्न :
नमस्कार. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळातील एका दिनारिअसचे, म्हणजे चांदीच्या रोमन नाण्याचे, छायाचित्र मी अभ्यासत आहे. मागील बाजूस विजार घातलेला एक पुरुष गुडघा टेकून सैन्याचे ध्वजचिन्ह पुढे करत आहे आणि भोवती ‘ध्वजचिन्हे परत मिळाली’ या अर्थाचा लॅटिन लेख संक्षिप्त रूपात आहे. हा पुरुष पार्थियन, म्हणजे आजच्या इराणच्या भागातील पार्थिया या रोमच्या प्रतिस्पर्धी साम्राज्यातला आहे, असे वाचले. परंतु ऑगस्टसने पार्थियाशी मोठे युद्ध जिंकल्याचे माझ्या वाचनात नाही. मग हा विजय कोणता?

उत्तर 1 :
आपली शंका रास्त आहे, कारण येथे लढाई झालीच नव्हती. इ.स.पू. 53 मध्ये कॅऱ्हीच्या रणात रोमन सेनापती क्रॅससच्या सैन्याचा दारुण पराभव झाला आणि त्या सैन्याची ध्वजचिन्हे पार्थियनांच्या हाती गेली, ही रोमला दीर्घकाळ सलणारी नामुष्की होती. इ.स.पू. 20 मध्ये पार्थियाचा राजा चौथा फ्राटीस याने ती वाटाघाटींतून परत केली. त्या वेळी ऑगस्टसचा सावत्र मुलगा टायबेरियस सैन्यासह आर्मेनियात उतरला होता, हेही विसरता येत नाही. टर्पिलियानस या टांकसाळ-अधिकाऱ्याचे नाव असलेल्या नाण्यांवर मात्र या तडजोडीला शरणागतीचे रूप मिळाले.

उत्तर 2 :
गुडघा टेकलेल्या या आकृतीचा पूर्वज रोमन अधिकारी स्कॉरस याच्या इ.स.पू. 58 च्या दिनारिअसवर दिसतो. तेथे नबातियन या अरब लोकांचा राजा अरेटस उंटाजवळ गुडघा टेकून, फांदी पुढे करून बसला आहे. पण इतिहासकार जोसेफस सांगतो की स्कॉरसने अरेटसकडून 300 टॅलेंट (टॅलेंट हे चांदी मोजण्याचे वजन) घेऊन त्याच्याविरुद्धची मोहीम आटोपती घेतली होती. याउलट नंतरचा सम्राट व्हेस्पासियन याच्या दिनारिअसवर विजयचिन्हाखाली, म्हणजे शत्रूची शस्त्रे व चिलखत लटकवलेल्या खांबाखाली, शोकाकुल ज्यूडिया, म्हणजे स्त्रीरूपात दाखवलेला ज्यूंचा प्रदेश, बसलेली आहे आणि त्यामागे इ.स. 70 मधील जेरुसलेमचा विध्वंस आहे. म्हणून माझ्या मते गुडघा टेकलेली आकृती केवळ अधीनता सांगते. लढाईचा पुरावा इतरत्र शोधावा.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. आता छायाचित्र पुन्हा पाहताना लक्षात आले की त्या पार्थियनाच्या हातातील वस्तू रोमची स्वतःचीच आहे.