केळघरच्या वर पूर्ण ऑफ-ग्रिड (लाईनशिवाय) सोलर: चार ट्युब्युलर बॅटऱ्यांवर पावसाळा निघेल का?

डोंगरउतार:
नमस्कार मंडळी. आमचं घर जावळी तालुक्यात, केळघरच्या वरच्या अंगाला. घरी आई-वडील दोघंच, मी पुण्यात नोकरीला. मृग लागला की लाईटचा काही भरवसा नाही. कुठंतरी तारेवर झाड पडतं आणि चार-चार दिवस अंधार. साताऱ्यातल्या एका विक्रेत्यानं कोटेशन दिलंय: ५४० वॅटचे ६ पॅनेल, ५ केव्हीएचा इन्व्हर्टर, १५० एएचच्या (अँपिअर-तास) ४ ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या शिशाच्या बॅटऱ्या. म्हणतो, "मीटर काढून टाका, बारा महिने फुकट लाईट, वर ७८,००० सबसिडी." घरात ६ एलईडी बल्ब, ३ साधे पंखे, सिंगल डोअर फ्रिज, टीव्ही, मिक्सर आणि विहिरीवर १ एचपीची मोटर. अंघोळीला बंब आहे, गीझर नाही. एवढ्यात भागेल का? कुणी असं घर चालवतंय का?

जतकर:
बिनधास्त घ्या राव. आमची जत तालुक्यातली वस्ती सोलरवरच आहे, कारण खांब आमच्यापर्यंत आलाच नाही. बॅटऱ्या ट्युब्युलरच. पोरगी बालवाडीत होती तेव्हा बसवल्या, आता ती तिसरीत आहे आणि बॅटऱ्या अजून ठणठणीत. लिथियमचं खूळ डोक्यात घेऊ नका, पैसे दुप्पट-तिप्पट जातात.
आमच्याकडं त्रास फक्त धुळीचा. पॅनेल सकाळी लवकर पुसायचे. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकायची भीती. आणि बोअरचं पाणी असेल तर लगेच फडक्यानं कोरडं करा, नाहीतर क्षाराचा पांढरा थर धरतो आणि तो धुळीपेक्षा वाईट. बॅटऱ्या पत्र्याखाली ठेवू नका, उन्हानं आयुष्य अर्ध्यावर येतं.

वायरमन_जावळी:
जतकर, तुमचं म्हणणं जतला शंभर टक्के खरं. केळघरला नाही. मी मेढ्याच्या आसपास वायरिंगची कामं करतो, आणि माझं स्वतःचं घरही डोंगरात वस्तीवर, लाईनपासून लांब. त्यामुळं हे सगळं रोज डोळ्यांसमोर आहे.

आधी हिशेब. ४ बॅटऱ्या गुणिले १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे ७,२०० वॅट-तास, कागदावर ७.२ युनिट. ट्युब्युलर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे राहिले ३.६. त्यात इन्व्हर्टर आपला वाटा खातो. हातात आले तीन-सव्वातीन. (बॅटरीवर सी-१० लिहिलंय की सी-२० ते बघा, म्हणजे क्षमता दहा तासांत रिकामी करून मोजलीय की वीस तासांत. सी-२० असेल तर जोरात काढल्यावर १५० एएचसुद्धा मिळत नाहीत.) आता तुमचा खर्च: फ्रिज दिवसाला युनिटभर, तीन साधे पंखे रात्री आठ तास म्हणजे १.८ युनिट, बल्ब आणि टीव्ही मिळून अर्ध्याच्या आत, मोटर अर्धा तास चालवली तर तेवढंच. झाले पावणेचार.

उन्हाळ्यात काही अडचण नाही. सव्वातीन किलोवॅटचे पॅनेल बारा-तेरा युनिट देतील, दुपारीच बॅटऱ्या भरून जातील. पण आषाढात आपल्याकडं ढग अंगणात उतरतो, समोरचा फणस दिसत नाही. त्या दिवसांत दीड-दोन युनिट आले तरी देवाला नारळ फोडायचा. खर्च पावणेचार, जमा दोन. तिसऱ्या दिवशी इन्व्हर्टर शिट्टी मारतो.

बरं, अंधार एकवेळ सोसवतो. पण खरं नुकसान आत होतं, ते दिसत नाही. शिशाची बॅटरी कामानं मरत नाही, उपाशी ठेवल्यानं मरते. पूर्ण चार्ज न होता आठवडेच्या आठवडे अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, मग नंतर कितीही ऊन पाजा, ती भरतच नाही. मी पावसाळ्यात लोकांच्या बॅटऱ्यांत हायड्रोमीटर (आतल्या आम्लाची घनता दाखवणारी नळी) बुडवतो तेव्हा जो आकडा १२४० च्या वर पाहिजे तो ११८० ला अडकलेला असतो. जतकरांच्या बॅटऱ्या टिकल्या, कारण तिकडं बहुतेक रोज दुपारी त्यांचं पोट भरतं. तीच बॅटरी केळघरला आणा, दोन-तीन पावसाळ्यांत भंगारवाल्याकडं जाईल, आणि विक्रेता म्हणणार तुम्हीच पाणी घातलं नाही.

म्हणून तुमच्या घराला लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. तिला अर्धवट राहिल्याचं काही वाटत नाही. ५१.२ व्होल्ट १०० एएचची एक बॅटरी म्हणजे ५.१ युनिट, त्यातले चार आरामात वापरता येतात. शिवाय डिस्टिल्ड वॉटरची भानगड नाही. तुम्ही पुण्यात, वडिलांनी या वयात टॉर्च धरून बॅटरीत पाणी बघत बसायचं का? फक्त इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं सेटिंग आहे याची खात्री करा. ट्युब्युलरच घ्यायची असेल तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा लाईनवर किंवा जनरेटरवर पूर्ण चार्ज करायचा नेम पाळावा लागेल.

आणि पंखे बदला, बीएलडीसी बसवा. ७५ वॅटचं काम ३० वॅटमध्ये होतं. रात्रीचं एक युनिट वाचतं. एवढं वाचवायला बॅटरी वाढवायची तर किती पैसे लागतात ते विचारा.

सबसिडीचं ऐका. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचे ७८,००० मिळतात, पण ३ किलोवॅट किंवा त्यावरच्या, लाईनला जोडलेल्या सोलरला. मीटर काढा आणि सबसिडी घ्या, हे दोन्ही एका दमात सांगणाऱ्या माणसाला आगाऊ रक्कम देऊ नका. मीटर काढूच नका. महिन्याचा स्थिर आकार भरा, लाईन येईल तेव्हा बॅटरी भरून घेईल. पण नुसतं साधं ऑन-ग्रिडही (लाईनला जोडलेलं, बॅटरीविना) नको. लाईन गेली की ते ऊन असूनसुद्धा बंद पडतं, आणि पडायलाच पाहिजे, नाहीतर तुमची वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या माणसाला लागेल. त्याच्या घरीही कुणी वाट बघत असतं. तुम्हाला हायब्रिड लागेल, म्हणजे लाईनला जोडलेलं पण लाईन गेली की बॅटरीवर घर चालवणारं.

जतकर:
हे उपाशी राहण्याचं माहीत नव्हतं. आमच्याकडं पावसाळ्यातही ऊनच जास्त असतं म्हणा ना. एक विचारतो, सहा पॅनेल जोडायचे कसे? आमच्या पाहुण्यांचा एमपीपीटी (पॅनेलमधून बॅटरी भरणारा कंट्रोलर) थंडीत जळाला.

वायरमन_जावळी:
५४० च्या पॅनेलचा मोकळा (काही जोडलेलं नसतानाचा) व्होल्टेज ५० च्या आसपास असतो. दोन सिरीजमध्ये म्हणजे १००. थंडीत सकाळी पॅनेल गार असतो तेव्हा व्होल्टेज आणखी चढतो, १०४ पर्यंत जातो. कंट्रोलरची मर्यादा १०० असेल तर गेला. पाहुण्यांचं तेच झालं असणार. १४५-१५० वाला घ्या, दोन-दोनच्या तीन जोड्या करा.

डोंगरउतार:
वायरमनदादा, मनापासून आभार. विक्रेत्याला सबसिडीचं विचारलं, आता तो फोन उचलत नाही. दोन शंका. मोटर या इन्व्हर्टरवर उचलेल का? आणि पावसाळ्यात ऊन नसतं पण वारा मरणाचा असतो. चाळकेवाडीला एवढ्या पवनचक्क्या आहेत, मग छतावर एक छोटी बसवली तर? घरामागून ओढाही जातो, साधारण दिवाळीपर्यंत वाहतो, पण त्याचा काय उपयोग.

वायरमन_जावळी:
मोटर चालू होताना तीन ते पाच पट ओढते. १ एचपी म्हणजे साडेसातशे वॅट, पण पहिला झटका तीन-साडेतीन हजारांचा. ५ केव्हीए उचलेल, फक्त त्याच वेळी मिक्सर नको. दुपारी ऊन असताना उंच टाकी भरून ठेवा, रात्री मोटरला हात लावायचा नाही.

पवनचक्की नको. चाळकेवाडीच्या चक्क्या मोकळ्या सड्यावर, उंच मनोऱ्यावर आहेत. छतावर झाडांमधून येणारा वारा गिरक्या घेत येतो, त्यात छोटी चक्की नुसती हादरते आणि भिंतीला तडे देते.

ओढ्याचं मात्र तुम्ही शेवटी आणि उगाच सांगितल्यासारखं सांगितलंत! तीच तर खरी गोष्ट आहे. सेकंदाला किती लिटर पाणी, गुणिले किती मीटर उतार, गुणिले ५, एवढे वॅट ढोबळमानानं मिळतात. ४ लिटर आणि २० मीटर मिळाले तर ४०० वॅट. दिसायला कमी, पण ते रात्रंदिवस चालतं, दिवसाचे साडेनऊ युनिट होतात, आणि तेही ऊन नसतं त्याच महिन्यांत. तीन इंची पाइप, तोंडाला जाळी (पाचोळा रोज काढावा लागतो, हे वडिलांना आधी सांगा), खाली छोटं टर्बाइन. बॅटरी भरली की जादा वीज कॉइलमधून अंघोळीच्या पाण्यात सोडायची, नाहीतर टर्बाइन बेफाम फिरतं.

आत्ता काही विकत घेऊ नका. आधी मोजा. वरून पाइपाच्या तुकड्यानं सगळं पाणी २० लिटरच्या बादलीत सोडा, ५ सेकंदांत भरली तर ४ लिटर. उतार प्लंबरच्या लेव्हल ट्यूबनं टप्प्याटप्प्यानं काढा. आणि हे दसऱ्याला गावी याल तेव्हा करा, आषाढातलं पाणी हिशेबात धरायचं नाही. आकडे इथंच टाका, मग पाइप किती लागेल ते सांगतो.