कुंड्या भरायच्या टेबलाला काय म्हणावं?

प्रश्न
बागकामासाठी एक साधं लाकडी टेबल करतोय. उभ्याने कुंड्या भरायच्या, रोपं बदलायची, बी पेरायचं, एवढ्यासाठी. ते कसं केलं हे लिहून काढायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. इंग्रजीत याला 'पॉटिंग बेंच' म्हणतात. 'बाक' लिहावं तर लोक त्यावर बसतील. 'मेज' लिहिलं की डोळ्यापुढे कारकून येतो. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद
बाक नकोच. इंग्रजी बेंचवर बसताही येतं आणि सुतारकामही करता येतं, आपलं बाक मात्र बसण्यापुरतंच. मेज फारसीतून आलं आणि लिहिण्यावाचण्याच्या खोलीत रमलं, चिखलात कधी उतरलं नाही. सरळ 'ओटा' म्हणा, तिथे उभ्यानेच काम करतात.

प्रतिसाद
ओटा बांधतात हो! क्रियापद बघा ना. ओटा बांधला, टेबल केलं, मांडव घातला. जे उचलून सावलीत नेता येतं त्याला ओटा कसं म्हणणार?

माझं मत 'घडवंची'. घडा आणि मंच यांतून झालेला शब्द, पाण्याने भरलेली जड भांडी ठेवायची लाकडी बैठक. ओल्या कुंड्यांचं ओझं पेलणारी वस्तू आणखी कोणती? शिवाय ओल्याशी तिचं जुनं नातं आहे, आणि या टेबलाचा सगळा प्रश्न ओल्याचाच असतो. लाकूड पाणी प्यायलं की रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून वरच्या फळ्या एकमेकींना चिकटवून बसवल्या तर त्या फुगून एकमेकींना ढकलतात आणि मधोमध उचलल्या जातात. दोन फळ्यांत ५-६ मिलिमीटर फट ठेवायची, पाणीही तिथूनच खाली जातं. (ही 'फट' ठेवलेली असते, 'भेग' पडलेली असते. लिहिताना दोन्हींची गल्लत नको.)

प्रतिसाद
शब्द गोड आहे, पण घडवंची बुटकी असते आणि आजच्या निम्म्या वाचकांनी ती पाहिलेलीही नसेल.

प्रतिसाद
पाहिलेली नसेल तर शब्दाबरोबर कळेल. बुटकी असते हे खरं, म्हणून उंची लिहूनच टाका. उभं राहून कोपर दुमडायचं आणि त्याच्या चार-सहा बोटं खाली फळी यायला हवी. त्याहून खाली घेतली की पाठ बोलायला लागते.

प्रश्नकर्ता
'घडवंची' घेतली. शीर्षकात 'कुंड्यांची घडवंची', पुढे कंटाळा आला की 'टेबल'. आता भागांची नावं. पायांना 'खूर' म्हणू का? आणि स्क्रू 'मारतात' की 'पिळतात'?

प्रतिसाद
खूर पलंगाला शोभतात, तेही कोरलेले असले तर. चौकोनी दांडक्याला 'पाय' पुरे. फळीखालची ती 'चौकट', पाय हलू नयेत म्हणून कोनात ठोकतात ती 'तिरपी पट्टी'. पायाचं टोक कोरून भोकात बसवणार असाल तर त्या टोकाला 'कुसू' हा नेमका शब्द आहे. नुसते स्क्रू लावणार असाल तर उगाच कुसू आणू नका, वाचक शोधत बसेल.

स्क्रू पिळूनच बसतो, पण बोलताना सगळे मारतातच. रंग मारतात, रंधा मारतात, गाठ मारतात. मराठीत या क्रियापदाला विश्रांती नाही. खिळा मात्र ठोकतात. आणि स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या, साधे ओल्यात गंजतात.

मागे आणि बाजूंना पट्टी उभी करणार ना, माती सांडू नये म्हणून? तिला 'कठडा' म्हणू नका, कठडा माणसं पडू नयेत म्हणून असतो. 'उभी कड' म्हणा.

प्रतिसाद
जाता जाता. माती कालवायचं घमेलं पोर्तुगीज 'गामेला'वरून आलंय, आणि त्यांच्याकडे गामेला लाकडाचा असतो.

प्रश्नकर्ता
टेबल, चुकलो, घडवंची उभी राहिली. एक पाय आखूड झालाय, डुगडुगते. खाली पाचर ठोकली.

प्रतिसाद
पाचर फटीत ठोकतात. पायाखाली सारली ती चीप.