उबुंटू २६.०४ येतंय: ऑफिसच्या जुन्या पीसींवर कोणती आवृत्ती टाकायची?

टॉवेल_एमआयडीसी
सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेल कारखान्याचं ऑफिस आहे. पीसी पाच. तीन आय३ सहाव्या पिढीचे, ४ जीबी रॅम, हार्डडिस्क. दोन आय५ आठव्या पिढीचे, ८ जीबी, एसएसडी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आय३ वर ११ अधिकृतपणे चढत नाही. एप्रिल २०२६ मध्ये उबुंटू २६.०४ (विंडोजऐवजी टाकता येणारी लिनक्स सिस्टीम) येतंय म्हणतात. उबुंटू, कुबुंटू, झुबुंटू, लुबुंटू, यातलं काय घ्यायचं? कामं म्हणजे टॅली, एक्सेलमधले ऑर्डरचे तक्ते, मराठी पत्रं.

सातरस्ता_लिनक्स
मालक, आधी टॅलीचं बघा. ते लिनक्सवर थेट चालत नाही. एका आय५ वर टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिपची सोय) चालू करून विंडोज ११ टाका आणि टॅली तिथेच ठेवा. बाकी चारांचा विचार वेगळा.

या सगळ्या आवृत्त्यांचा गाभा एकच, फरक डेस्कटॉपचा, म्हणजे मेनू-खिडक्यांच्या मांडणीचा. उबुंटूत ग्नोम, कुबुंटूत केडीई, झुबुंटूत एक्सएफसीई, लुबुंटूत एलएक्सक्यूटी. ४ जीबीवर ग्नोम सुरू होतो, पण ब्राउझरच्या पाच-सहा टॅब उघडल्या की स्वॅप (रॅम भरल्यावर डिस्कचा रॅमसारखा वापर) सुरू होतो आणि हार्डडिस्कवर स्वॅप म्हणजे माऊससुद्धा अडकतो. म्हणून आय३ ना लुबुंटू किंवा झुबुंटू, उरलेल्या आय५ ला उबुंटू. विंडोजची सवय असलेल्यांना कुबुंटूचा मेनू ओळखीचा वाटेल, पण तो ८ जीबीवरच.

मुदत मात्र सारखी नाही. २६.०४ एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती आहे. मुख्य उबुंटूला ५ वर्षं, म्हणजे २०३१ पर्यंत, आणि उबुंटू प्रो ही जास्तीची सेवा जोडली तर १० वर्षं. झुबुंटू-लुबुंटूसारख्या आवृत्त्यांना ३ वर्षं, म्हणजे २०२९.

एप्रिलमध्ये आल्या आल्या ऑफिसात टाकू नका. आधीची एलटीएस २४.०४ वापरणाऱ्यांनासुद्धा २६.०४.१ ही पहिली दुरुस्त आवृत्ती आल्यावरच अपग्रेडची सूचना येते, कारण सुरुवातीचे दोष तोवर निघतात. आत्ता पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ करून प्रिंटर, वायफाय, आवाज तपासा.

नवीपेठ_हार्डवेअर
डेस्कटॉपपेक्षा एसएसडीने जास्त फरक पडतो. २४० जीबीची सॅटा एसएसडी टाका आणि रॅम ८ करा. पण सहाव्या पिढीच्या बोर्डांत रॅमचे डीडीआर३एल आणि डीडीआर४ असे दोन प्रकार येतात आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. रॅमच्या स्टिकरवर पीसी३एल असेल तर डीडीआर३एल, पीसी४ असेल तर डीडीआर४. हे बघितल्याशिवाय पट्टी घेऊ नका.

मागाजवळच्या पीसीत हीटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) सुताच्या तंतूंची गादी बसते. पंखा फिरताना दिसतो, पण वारा आत जात नाही. मग प्रोसेसर तापून वेग स्वतःच कमी करतो आणि दोष नव्या सिस्टीमला जातो, त्यात सोलापूरचा एप्रिल. आधी पंखा काढून ब्लोअर मारा, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळली असेल तर बदला.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणारी सेटिंग) सॅटा मोड, म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत, ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ असतो, तो ‘एएचसीआय’ करा. विंडोज राहणाऱ्या मशीनवर हे सरळ करू नका, विंडोज उठणार नाही. आणि इन्स्टॉल यूपीएसवरच. अर्ध्यात लाइट गेली तर डिस्कचं विभाजन (पार्टिशन) पुन्हा करावं लागतं.

टॉवेल_एमआयडीसी
जुनी मराठी पत्रं उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. तिकडे काय करायचं?

सातरस्ता_लिनक्स
ती पत्रं जुन्या फॉन्टात आहेत, युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरपद्धत) नाहीत. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधली त्या फॉन्टची टीटीएफ फाइल आणून इन्स्टॉल करा, पत्रं वाचता येतील. पण शोध आणि ईमेलसाठी युनिकोडमध्ये रूपांतर करावंच लागेल. त्यात जोडाक्षरं आणि रफार हटकून चुकतात, म्हणून पक्क्या करारांची प्रत एकदा ओळ-ओळ ताडून बघा. नवीन टायपिंगला कीबोर्डच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळरचना) निवडा. एक्सेलचे तक्ते लिब्रेऑफिसात उघडतात, मॅक्रो (तक्त्यातल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असतील तर आधी एका प्रतीवर तपासा.