सोलापूरच्या नवी पेठेत मोठाले एलईडी स्क्रीन लावले तर?

कडकभाकरी७७: न्यूयॉर्कच्या टाईम्स स्क्वेअरसारखं आपल्याकडं का होत नाही बे? नवी पेठ नाहीतर पार्क चौकात बिल्डिंगभर स्क्रीन, रात्री काय दिसंल!

शेंगाचटणी: तिथं १९८७ पासून नियमच आहे की बिल्डिंगवर झगमगीत जाहिराती लावायच्याच, म्हणून ते तसं दिसतं, आपल्याकडं नुसता स्क्रीन टांगून काय होणार, खाली पार्किंगला जागा नाही, गाडी लावायला मी परवा तीन चकरा मारल्या.

चादरवाला: आमच्या गल्लीच्या तोंडाला एका दुकानदारानं लावलाय ना छोटा. पडदा लावला तरी बेडरूमची भिंत लाल-निळी होते, आणि त्यातली एक पट्टी बंद पडलीय त्यामुळं हिरॉईनला नाकच नाही. ब्राझीलच्या साओ पावलोनं तर २००७ पासून शहरातले होर्डिंगच काढायला लावले, ते बरं वाटतं मला.

कडकभाकरी७७: नाक नाही 😂 पण गड्ड्याच्या जत्रेच्या टायमाला तर लायटिंग आवडतंच की सगळ्यांना?

चादरवाला: गड्डा संपतो की ओ, हा स्क्रीन बाराही महिने डोळ्यात. निदान रात्री दहानंतर ब्राईटनेस तरी कमी करा म्हणावं.