कोर्टात स्टेनो व्हायचंय, पण एआय आल्यावर ही नोकरी राहील का?

सई_लातूर
नमस्कार मंडळी. बी. कॉम. झालंय. मराठी शॉर्टहँडची मिनिटाला ८० शब्दांची परीक्षा पास आहे, इंग्रजी १०० चा सराव चालू आहे. जिल्हा न्यायालयाच्या स्टेनो भरतीची तयारी करतेय. पण दादा रोज डोकं खातो. म्हणतो, मोबाइलमध्ये बोललं की टाइप होतं, केरळात साक्षीसुद्धा एआयवर घेतात, आणि तू रेघोट्या कसल्या ओढत बसलीस? क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणतात, काही होत नाही, सराव वाढव. क्लास त्यांचाच, ते दुसरं काय सांगणार! कोर्टात प्रत्यक्ष काम केलेल्या कुणी खरं काय ते सांगाल का?

जुना_लघुलेखक
सईताई, मी विदर्भातल्या एका सत्र न्यायालयातून लघुलेखक म्हणून निवृत्त झालोय. दादाची बातमी खरी आहे. केरळ उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५ पासून तिथल्या खालच्या कोर्टांत साक्ष नोंदवायला 'अदालत एआय' हे बोललेलं टाइप करणारं सॉफ्टवेअर सक्तीचं केलं. त्याआधी २१ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद जसाच्या तसा मशीनने उतरवून घ्यायला सुरुवात झाली, तीही आपल्याच ठाकरे-शिंदे प्रकरणात. पण तिथे मोठे वकील माइकसमोर इंग्रजीत बोलतात. आपल्या तालुक्याच्या कोर्टात पिंजऱ्यात उभा राहिलेला माणूस तसा बोलत नाही.

आमच्याकडे साक्षीदार म्हणायचा, "मी तं वावरात होतो जी. पोरानं सांगतलं तसा पयत आलो. पाहतो तं भाऊ पडून होता." न्यायाधीशसाहेब ऐकून घेणार आणि मला सांगणार, "घटनेच्या वेळी मी शेतात होतो. मला मुलाने सांगितले. मी पळत आलो असता भाऊ पडलेला दिसला." लगेच आरोपीचे वकील उभे. "साहेब, 'घटनेच्या वेळी' हे तो बोललाच नाही." मग साहेब साक्षीदाराला पुन्हा विचारणार, ते दोन शब्द खोडायचे, पुढे चालू.

उलटतपासात तर आणखी मजा. वकील विचारतात, "बांधाच्या वादापायी खोटी साक्ष देतो ना?" तो म्हणतो, "खोटं कायले बोलू जी?" कागदावर काय येतं? "हे म्हणणे खरे नाही की, बांधाच्या वादामुळे मी आरोपीविरुद्ध खोटी साक्ष देत आहे." हे वाक्य कोर्टात कुणाच्याच तोंडून निघालेलं नसतं. ते साहेब बांधतात. मशीनने साक्षीदाराचं बोलणं थेट घेतलं तर वेगळाच कागद तयार होईल. आणि साहेबांनी सांगितलेलं घेतलं, तर ते फक्त माझ्या बोटांचं काम करेल. ते मात्र ते करेल, आणि चांगलं करेल. यात खोटा धीर देत नाही.

आजही नवे तरुण न्यायाधीश छोटे आदेश स्वतःच टाइप करतात. चेंबरमध्ये बसून वहीवर लांबलचक निकालपत्र घेणं कमी होत जाणार. म्हणजे निव्वळ स्पीडवर जो मान होता तो उतरणार. पण साक्ष संपल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते, तो चूक म्हणाला तर नोंद करायची असते, मग सह्या. तेव्हा कागदावरचा पुराव्याचा क्रमांक 'निशाणी २३' की '३२', हे बघणारा माणूस लागतोच.

आमच्या डोळ्यांदेखत गेली ती नक्कल विभागातली टायपिस्ट मंडळी. अख्खा दिवस नकला टंकायची. झेरॉक्स आली आणि संपलं. स्टेनोचं तसं झालं नाही, कारण तो कोर्टहॉलमध्ये बसतो.

काळा_कोट
काकांशी थोडा असहमत. तुम्ही ज्याला मजा म्हणता तीच आमची डोकेदुखी आहे. साक्षीदार अडखळला, आधी 'हो' म्हणाला, मग 'आठवत नाही' म्हणाला, आणि कागदावर उरलं फक्त 'मला आठवत नाही'. अपिलात वरच्या कोर्टासमोर एवढंच जातं. आवाज रेकॉर्ड झाला तर मला हवाच आहे. आरोपीच्या वकिलासमोर साक्षीचं ध्वनिचित्रमुद्रण करायची मुभा जुन्या फौजदारी संहितेत होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. वापरतं कोण?

बाकी मराठी व्हॉइस टायपिंग मी ऑफिसात रोज वापरतो. अर्ज, नोटिसा झकास होतात. कोर्टहॉलमध्ये पंखा खडखडतोय, बाहेर पुकारा चाललाय, मागे दोन वकील बोलतायत, तिथे काय होईल ते बघायला मी स्वतः येईन.

सॅन_होजे_कर
इकडचं थोडं. मी कॅलिफोर्नियात दुभाषी आहे. इथले रिपोर्टर स्टेनोटाइप मशीनवर शब्दन् शब्द घेतात, त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या परीक्षेत साक्षीसाठी मिनिटाला २२५ शब्द लागतात. स्टेनोंचा तुटवडा आहे, तरी बऱ्याच प्रकारच्या खटल्यांत नुसत्या रेकॉर्डिंगवर भागवायला कायदाच आडवा येतो. एक गंमत: मराठी साक्षीदार काय बोलला ते रिपोर्टर घेतच नाही, मी इंग्रजीत काय सांगितलं तेवढंच नोंदीत जातं.

जुना_लघुलेखक
वकीलसाहेब, रेकॉर्डिंगचा मुद्दा मान्य. फक्त चार तासांचं रेकॉर्डिंग अपिलात ऐकत कोण बसणार, तेही सांगा. शेवटी कुणीतरी त्याचा कागद करायला सांगणारच.

सईताई, भरती निघाली की अर्ज कर. जाहिरातीत शॉर्टहँड मागतात तोवर ते यायलाच हवं. पण त्याच्या जोडीला दोन गोष्टी कर. एक, जुनी निकालपत्रं वाच. कोर्टांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. १ जुलै २०२४ पासून कलमं बदललीत, खून ३०२ चा १०३ झाला, पण जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांवर चालू आहेत. दोन्ही डोक्यात हवीत. दुसरं, मशीनने टाइप केलेला मजकूर तपासायचा सराव. मोबाइलला कुणाचं तरी भाषण ऐकव, त्याने लिहिलेलं छापून घे आणि लाल पेनाने चुका काढ. हेच काम पुढे तुझ्याकडे येणार आहे.

सई_लातूर
काका, सगळ्यांचेच खूप आभार. दादाला धागा वाचायला दिलाय, अजून उत्तर नाही :) एकच शंका. मराठी टायपिंगला माझा हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलाय. इन्स्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण कीबोर्ड शिकू का?

जुना_लघुलेखक
बसलेला हात मोडू नकोस. युनिकोडमध्ये रेमिंग्टनचा लेआउट मिळतो, तो लावून घे. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला सराव मात्र आता बंद कर. त्या फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. परीक्षेला कोणता लेआउट देणार ते जाहिरात आल्यावर आधी बघ, आणि इथे टाक, बाकीच्यांनाही उपयोग होईल.